येण्याचा उद्देश

पाफुरीच्या फाटकावर नोंदवही असते.
नाव, गाडीचा नंबर, माणसं किती,
आणि शेवटचा रकाना : येण्याचा उद्देश.
लोक लिहितात पक्षी. लिहितात हत्ती.
एका जर्मन जोडप्यानं लिहिलं होतं, लग्नाचा वाढदिवस.
माझ्या आत्यानं, म्थाविनीनं,
पेन बराच वेळ नुसतं धरून ठेवलं
आणि रेघेच्या बाहेर लिहिलं :
चूल.

पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी इथला वाटाड्या, खाकीतला,
छातीवर पट्टी, खाझामुला.
म्हणालो, सोड रे, घरचं माणूस आहे.

पर्यटकांना सांगायचं ते मला पाठ आहे.
ही तापाची झाडं, साल हिरवट पिवळी.
जुन्या गोऱ्या प्रवाशांना वाटे, ताप यांच्यामुळेच चढतो,
डासाकडे कुणी बोट दाखवलं नाही.
ही गोरखचिंच, हिच्या पोटात दहा जण मावतील.
ही लुवुवु. काठावर उतरू नका, मगरी आहेत.
मग गाडी वळवता वळवता, आवाज जरा उतरवून :
एकोणसत्तर सालापर्यंत इथं गावं होती.
तोवर कॅमेरे हरणांकडे वळलेले असतात.

आत्या म्हणते, गावं काय गावं?
इथं रिसिमातीचा गोठा.
तिथं माझी आई आणि तिची जाऊ
एका कोंबडीवरून वर्षभर अबोला धरून होत्या.
हे सांग की.

ती तेव्हा अकरा वर्षांची.
ट्रक सकाळी आले.
आईनं सवयीनं आधी चूल विझवली.
घर सोडताना विस्तव मागं ठेवायचा नसतो,
ठिणगी उडाली, छपराला लागली तर?
राखेवर दोनदा पाणी मारलं,
तळवा टेकून पाहिलं, गार झाली का.
मग बाहेर आली,
आणि त्याच तळव्यावर त्यांनी काडेपेटी ठेवली.
पेटवा, म्हणाले. तुमचं तुम्हीच.

पहिली काडी लागली नाही, आत्या सांगते.
दुसरीही नाही.
हात ओला होता ना.
पुढचं ती सांगत नाही.

नव्या जागी नदी नव्हती.
मासे धरायच्या टोपल्यांखाली
आम्ही कोंबड्या झाकल्या.

अठ्ठ्याण्णव साली जमीन परत मिळाली,
कागदावर सह्याच सह्या.
मग आमच्याच सभेत ठरलं :
जमीन आपली, पण राहायला जायचं नाही.
तिथं जनावरं राहतील, आपण लॉजचं भाडं खाऊ.
माझा पगार त्यातूनच येतो.
हात वर करा म्हटल्यावर
आत्याचा हात मांडीवरच होता.
हत्तींवर राग नाही माझा, म्हणते,
त्यांना तरी कुठं कुणी विचारलं.

दुपार कलता कलता जागा सापडली.
मोपानीच्या पाचोळ्यात दगड. दोन.
तिनं तिसरा शोधला, काठीनं पालापाचोळा उकरत,
चुलीला तीन लागतात हे मला समजावत,
जसा काही मी परदेशीच.
हत्तीनं लाथाडला असेल, मी म्हणालो.
गेल्या हिवाळ्यात तंबूचा खुंटा ठोकायला
मी इथूनच कुठून तरी एक दगड उचलला होता.
ते नाही म्हणालो.

परतीच्या वाटेवर लॉजमध्ये चहा.
पाहुण्यांसाठी अंगणात शेकोटी पेटलेली,
भोवती कापडी खुर्च्या, गुडघ्यांवर पांघरुणं.
फाटक सहाला बंद होतं, चल, मी म्हणालो.
ती उठली,
कपातला उरलेला चहा शेकोटीवर ओतला,
मग शेजारच्या टेबलावरची पाण्याची सुरई.
कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं,
अहो, अजून रात्र बाकी आहे.
ती खाली बसून राखेवर तळवा धरून होती.
गार व्हायला वेळ लागतो.

फाटकावर बाहेर पडल्याची वेळ मीच लिहिली,
पाच अठ्ठावन्न.
तिच्या हाताला राख होती.